दोन्ही कंपन्यांच्या बाई

वाक्य पुरं झालं की बाई टेबलावर दोन बोटं आपटायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उंबऱ्यात बसलेल्या सोमीला विचारायच्या, "समजलं का गो?"

सोमी "व्हय" म्हणाली की वाक्य राहायचं. "नाय" म्हणाली की बाई ते मोडून पुन्हा लिहायच्या. जगातल्या दोन बड्या कंपन्या एकमेकींना काय सुनावणार, हे असं पेणच्या एका दहा बाय बाराच्या दुकानात, झाडू भिंतीला टेकवून चहा पिणाऱ्या बाईच्या होकारावर ठरत होतं. कंपन्यांना याचा पत्ता नव्हता.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तुम्ही कधी अर्ज टाइप करून घ्यायला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत बांध्याची, साडीवर पुरुषी शर्ट घालून बसणारी बाई. शर्ट कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "खिसा लागतो." खिशात लाल पेन. आमच्या पेणच्या एका साप्ताहिकात त्या वीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. साप्ताहिक बंद पडलं, पेन तेवढं राहिलं. लग्न केलेलं नव्हतं, माहेर रोह्याचं. दर रविवारी गाडीने भावाकडे जायच्या आणि येताना वाल आणायच्या. गल्लीत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

मी एका मोठ्या दैनिकाचा पेणचा बातमीदार. बाई मला बातमीदार म्हणत नसत. "आले आमचे पोस्टमन," म्हणायच्या. "इकडची चिठ्ठी तिकडे. मधे काय लिहिलंय ते बघायचं नाही." मी हसायचो. तेव्हा ते थट्टेतच घेण्यासारखं वाटायचं.

आता हे कंपन्यांचं प्रकरण. दोन्ही कंपन्यांची नावं तुमच्या खिशातल्या मोबाइलवर आहेत, ती मी घेत नाही. बाईसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांनी एकीला थोरली म्हटलं होतं आणि दुसरीला धाकटी. "जावा आहेत रे त्या," त्या म्हणायच्या. "एकीने नवा फ्रिज आणला की दुसरीला त्याच आठवड्यात वॉशिंग मशीन हवं." थोरलीच्या बातम्या पेपरांत पोचवायचं काम मुंबईतल्या एका एजन्सीकडे होतं. तिला चांगलं मराठी करून देणारं माणूस हवं होतं. जुन्या ओळखीने ते काम बाईंकडे आलं. सहा महिन्यांनी धाकटीच्या एजन्सीचा फोन आला. फोनवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, त्यांच्या प्रेसनोटचं मराठी लोकांना फार आवडतंय. आम्हाला तसं पाहिजे." बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तस्सं करून देते."

त्यानंतर दीड-दोन वर्षं महाराष्ट्रातल्या पेपरांत त्या दोघी जावा एकाच तोंडाने भांडल्या. सकाळी थोरली म्हणायची, आमच्यासारखं जलद कुणाचं नाही. दुपारी धाकटी म्हणायची, जलद असून काय उपयोग, लोकांची माहिती सांभाळता येत नाही. दोन्ही बाईंनीच लिहिलेलं. आमच्या पेपरात दोन्ही शेजारी शेजारी छापून वर 'तंत्रज्ञानातील महायुद्ध' असा मथळा यायचा. मुंबईचे जाणकार त्यावर लेख लिहायचे. बाई तो पेपर समोर धरून, वडापावचा तुकडा मोडत, म्हणायच्या, "आज धाकटीला जरा जास्त बोलले का रे मी?"

सोमीला वाचून दाखवायची रीत मात्र थट्टेची नव्हती. साप्ताहिकातल्या वीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. गावात पेपर एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात, तेव्हा ऐकणाऱ्याला कळला तरच तो पेपर. सोमी कातकरी वाडीवरची, गल्लीतली चार-पाच दुकानं झाडायची, पाणी भरायची. शाळेत कधी गेलेली नव्हती. तिच्या कानाला अडलं की बाईंचा जीव त्या वाक्यात अडकायचा. आत एक रिकामी खुर्ची असे. सोमी कधी तिच्यावर बसली नाही, उंबऱ्यातच बसायची. बाईंनीही फार आग्रह केला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

थोरलीने रोह्याच्या वाटेला मोठी जागा घेतली आणि तिथे डेटा सेंटर बांधायचं जाहीर केलं, त्या दिवशीचं संभाषण मला आठवतं.

"म्हंजी काय बांदतात?" सोमीने विचारलं.

"गोदाम गो. लोकांच्या मोबाइलातले फोटो, गाणी, व्हिडिओ ठेवायचं."

"मंग टाक्या कशाला येवढ्या? पानी कशाला?"

"मशिनी तापतात. त्यांना गार ठेवायला लागतं."

"फोटो तापतात," ती स्वतःशी म्हणाली आणि मग इतकी हसली की चहा सांडला. बाईही हसल्या. माझीही हसून हसून पुरेवाट झाली.

त्या प्रेसनोटमध्ये पुढे रोजगाराचा परिच्छेद होता. 'कंपनीने असे म्हटले आहे की स्थानिकांना वर्षभर काम उपलब्ध करून देण्यास ती वचनबद्ध असून सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य देण्यात येईल, असेही कंपनीकडून सांगण्यात आले.' बाईंनी हे वाचलं आणि सोमी म्हणाली, "नाय." पुन्हा वाचलं. "नाय समजत. कोन म्हनतं, कोनाला सांगतं?" बाईंनी चष्मा खाली ओढला आणि कात्री लावली. पुढून 'कंपनीने म्हटले आहे' गेलं, मागून 'कंपनीकडून सांगण्यात आले' गेलं. उरलं ते असं: 'इथल्या माणसांना वर्षभर काम मिळेल. कामाच्या जागी कुणाच्या जिवाला धोका असणार नाही.'

"आता?"

"आता व्हय," सोमी म्हणाली.

मी तेव्हा बाकावर बसून पायरीवरच्या मांजराशी खेळत होतो. ते वाक्य किती सुटसुटीत झालं, एवढंच माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी ते आम्ही चौकटीत छापलं.

वाडीवरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. मुकादम टेम्पो घेऊन येतो, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि वाडी पावसापर्यंत ओस पडते. सोमी आणि तिचा नवरा मंगळ्याही दरवर्षी जायची. ती नसली की बाईंचं काम रेंगाळायचं. त्या वर्षी दिवाळी झाली, मुकादम आला, टेम्पो भरून गेला, आणि सोमी मात्र सकाळी झाडू घेऊन हजर. बाईंना आनंद झाला. कारण विचारायचं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. मंगळ्या एका ठेकेदाराच्या हाताखाली थोरलीच्या जागेवर कामाला लागला होता, हे बऱ्याच दिवसांनी बोलण्यात आलं. सकाळच्या गाडीने पेणहून निडीला उतरायचा, तिथून ट्रॅक्टरने जागेवर. "शिफ्टचं काम हाय," सोमी अभिमानाने सांगायची. शिफ्ट हा शब्द तिला आवडला होता.

होळीच्या आधी चार दिवस मला नागोठण्याहून एका ओळखीच्या रिक्षावाल्याचा फोन आला. थोरलीच्या जागेवरची जमिनीखालची पाण्याची मोठी टाकी, महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली, पहिल्या टप्प्याच्या उद्घाटनाआधी साफ करायची म्हणून एका मजुराला दोरीने आत सोडलं होतं. आत हवाच नव्हती. वर ओढला तेव्हा सगळं संपलेलं. मी दवाखान्यात पोचलो तर बाहेरच्या कट्ट्यावर सोमी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ठेकेदाराचा फोन बंद होता. गेटवरच्या वहीत मंगळ्याचं नाव नव्हतं. मजुरांची नावं तिथे लिहीतच नसत, डोकी मोजून आत सोडत.

मी चार ओळींची बातमी पाठवली. नाव लिहिलं होतं, ते मुंबईच्या कचेरीने पानात जागा नाही म्हणून गाळलं. कंपनीचं नाव मात्र मी मुळातच लिहिलं नव्हतं. 'एका खासगी कंपनीच्या आवारात' असं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तसं लिहून गेला. त्या आठवड्यात आमच्या पहिल्या पानावर थोरलीची पानभर जाहिरात होती.

बाईंनी ती बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवला. पोस्टमन म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतरचे दहा-बारा दिवस त्या कामाला हात लावायच्या, थांबायच्या. उंबरा रिकामा होता. मी एकदा म्हटलं, मला वाचून दाखवा. त्यांनी एक परिच्छेद वाचला, मी "समजलं" म्हणालो. "तुला सगळंच समजतं," त्या म्हणाल्या आणि पुढचं मनात वाचू लागल्या.

मग एकाच सकाळी दोन्ही प्रेसनोटा आल्या. त्या दिवशी सोमीही पहिल्यांदा कामावर आली. गल्ली झाडली, हंडा भरला आणि नेहमीच्या जागी येऊन बसली. बाईंनी तिला चहा दिला. तिने कपाला हात लावला नाही.

"आज वाचत नाय?" सोमीने विचारलं.

"आज नको गो."

"त्याचंच हाय ना? वाचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी धाकटीची प्रेसनोट वाचली. तिचा सूर दुःखाचा होता, पण दुःखामागे टाळी वाजवल्यासारखं काहीतरी होतं. इतरांच्या प्रकल्पांवर गरीब मजुरांचे जीव जात असताना आमच्याकडे एकही अपघात नाही, असा तिचा मतलब. मंगळ्याचं नाव नव्हतं. तो तिथे दुसरीला मारायचा दगड होता, दगडाला नाव कशाला लागतं. त्यानंतर बाईंनी थोरलीची घेतली. या वेळी प्रत्येक वाक्याच्या आधी त्या थांबत होत्या.

"कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नव्हता. कंपनी म्हणते, त्याचा कामाशी संबंध नव्हता. कंपनी म्हणते, तो परवानगीशिवाय आत शिरला असावा."

"मंग कोनाचा मानूस व्हता?" सोमीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं, तसं तिने विचारलं.

बाईंनी कागद खाली ठेवला.

"त्या दिशी तुमी वाचलं तवा कंपनी म्हनते असं नवतं," सोमी म्हणाली. "तुमी म्हनाल्या, वरीसभर काम हाय. जिवाला भ्या नाय. तुमी म्हनाल्या म्हनून तर भट्टीला नाय गेलो. त्याला मीच सांगितलं, बाई बोलल्यात."

गल्लीत कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज आला. बाईंचा चेहरा मी त्यानंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे. रडू नव्हतं त्यावर. वीस वर्षं पानं तपासणाऱ्या माणसाला छापून झाल्यावर चूक सापडावी, तेव्हाचा चेहरा होता. लोकांना समजावं म्हणून त्यांनी जे शब्द कापले होते, तेवढेच शब्द सोमीला सावध करू शकले असते.

"आनि तुमी काय म्हनता?" सोमीने शेवटी विचारलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. खुर्ची वळवून टाइप करायला बसल्या. धाकटीच्या प्रेसनोटमध्ये आणि थोरलीच्या प्रेसनोटमध्ये, दोन्हींच्या शेवटी त्यांनी तोच मजकूर घातला. 'मृत कामगाराचे नाव मंगळ गोमा वाघमारे. तो चार महिने रोह्याजवळच्या डेटा सेंटरवर काम करत होता आणि कामावर असताना तिथल्या पाण्याच्या टाकीत मरण पावला.' मग लाल पेन काढून पुन्हा एकदा तपासलं, सोमीला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. मी म्हटलं, "बाई, हे महागात पडेल." त्या म्हणाल्या, "तू चिठ्ठी टाक."

एजन्सीतल्या पोरांना मराठी वाचायचा कंटाळा. त्यांनी दोन्ही मजकूर तसेच पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतच्या पेपरांत थोरली आपल्याच तोंडाने म्हणत होती की तो आमचा माणूस नव्हता, आणि खाली लगेच म्हणत होती की तो चार महिने आमच्याकडेच कामाला होता. धाकटीच्या बातमीतही तेच नाव, तेच शब्द.

सकाळी दहाला फोन सुरू झाले. "मॅडम, ये लाइन किधर से आया?" पहिल्या एजन्सीचा माणूस विचारत होता. बाई म्हणाल्या, "निडी से." तासाभराने दुसरीचा. दोन्हीकडचं काम एकच बाई करत होती, हे दुपारपर्यंत दोघींनाही कळलं. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या त्या जावांचं मग पहिल्यांदा एकमत झालं. दोघींच्या वकिलांचा निरोप एकच: वाक्यं स्वतःच्या मनाने घातली असं बाईंनी लिहून द्यावं, नाहीतर कोर्टात यावं.

बाईंनी लिहून दिलं. मी ते पत्र पाहिलं आहे. दोन वाक्यं होती. 'ही वाक्ये मी स्वतःच्या मनाने घातली आहेत. ती खरी आहेत.'

त्या पत्राच्या आधारे दोन्ही कंपन्यांचा खुलासा छापायचा होता. तो इंग्रजीत आला. आता त्याचं मराठी कोण करणार? माझ्या साहेबांनी तो मलाच पाठवला आणि बाईंच्या पत्रातलं पहिलं वाक्य घे, दुसरं नको, असं फोनवर सांगितलं. मी 'बरं' म्हणालो. वाद घातला नाही, विचारलं नाही. दुसरं वाक्य तीन शब्दांचं होतं. ते मी गाळलं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी काय केलं, असं कुणी विचारलं तर मला पहिलं हेच आठवतं.

बाईंचं दुकान दोन महिन्यांत बंद झालं. पेपरात 'भाषांतरकार महिलेचा खोडसाळपणा' असं आल्यावर अर्ज टाइप करायलाही माणसं बिचकायला लागली. त्या रोह्याला भावाकडे गेल्या.

मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा त्या मागल्या पडवीत बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या. शर्ट नव्हता, नुसती साडी. टाकीतल्या मृत्यूचा कागद पोलिसांत अकस्मात मृत्यू म्हणून बंद झाल्याचं मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. बराच वेळ दाणे परातीत पडत राहिले.

"ते दुसरं वाक्य कोणी गाळलं रे?" त्यांनी विचारलं.

"मुंबईला," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. वालाची परात माझ्याकडे थोडी सरकवली आणि म्हणाल्या, "सोल." मी सोलू लागलो. मला जमत नव्हतं, दाणे मोडत होते. मोडलेले दाणे त्या न बोलता वेगळे काढत होत्या.

पावसाळ्यात बाई गेल्या. मला चौथ्या दिवशी कळलं. निधनवार्ता मीच लिहिली. त्यात त्या आयुष्यभर काय करत होत्या ते लिहायचं मला धाडस झालं नाही.

परवा, दिवाळी संपल्यावर, सोमी माझ्या दारात आली. सकाळची वेळ होती. या वर्षी ती भट्टीला निघाली होती, एकटीच. मुकादमाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात कापून ठेवलेला पेपरचा तुकडा. चहाच्या टपरीवर कुणीतरी तिला काढून दिला होता. मंगळ्याचं नाव आलंय, असं सांगून.

"पावसात भिजंल, हरवंल," ती म्हणाली. "तुमच्याकडं ठेवा. पर आदी एकदा वाचा. बाईंनी काय लिवलंय ते मला ऐकू दे."

मी तुकडा उघडला. बाईंचा मजकूर नव्हता तो. तो माझा खुलासा होता. नाव त्यातही होतं, नाकारण्यापुरतं.

मी वाचायला लागलो. कंपनी म्हणते, मंगळ गोमा वाघमारे आमचा माणूस नव्हता. कंपनी म्हणते, ती वाक्यं भाषांतर करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मनाने घातली. तिथे मजकूर संपत होता. मी थांबलो नाही.

"आणि बाई म्हणतात," मी वाचलं, "ती खरी आहेत."

सोमी जवळ आली आणि तुकड्यावर वाकली. "कुठं हाय ते?" तिने विचारलं.

मजकुराच्या खाली बोटभर कोरी जागा होती. मी तिथे बोट टेकवलं. मी काढून घेतल्यावर तिने आपलं बोट तिथे ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.